बारा रोल जमले की

बारा रोल जमले की मी टाकी तापवतो.
त्याआधी नाही. रसायन महाग,
आणि एकदा कालवलं की कुणासाठी थांबत नाही.
ऑक्टोबरात दोन आठवडे लागले, जानेवारीत पाच.
ओउलूत तेव्हा दिवस म्हणजे दाराची फट.
बाहेर उणे सव्वीस, आत पाणी अडतीस अंशांवर,
तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाइतकं.
मी मनगट लावून बघतो. थर्मामीटर आहे, तरीही.

राइमो बर्फ उपसायचा ट्रक चालवतो.
पहाटेपासून रस्ते मोकळे करत जातो,
उजाडताना कुठल्याशा वळणावर उतरतो,
एक फोटो काढतो, परत चढतो.
छत्तीस फोटो त्याला अख्खा हिवाळा पुरतात.
मी म्हटलं, एवढी काटकसर करायची तर फोनवर काढ,
फुकट आहे.
म्हणाला, फुकट असलं की बघणं होत नाही.
मग पैसे मोजले, हातमोजे चढवले,
आणि अर्धा दाराबाहेर गेल्यावर :
शिवाय बर्फाची सावली निळी असते.
फोन ती पांढरी करून टाकतो. मला न विचारता.

निगेटिव्ह ओळखीच्या वाण्यासारखी.
उजेड थोडा जास्त झाला, कमी झाला, लिहून ठेवते,
छापताना हिशेब जुळवून घेते.
स्लाइडच्या दुकानावर पाटी : आज रोख, उद्या उधार.
तिथे एकोणिसाचं वीस झालं
की आकाश गेलं. उरतं ते आरपार दिसणारं भोक.
पदरी पडलं, पवित्र झालं, म्हणायचं
आणि पुढल्या हिवाळ्याकडे बघायचं.

मला अडकवून ठेवलंय ते निराळ्याच गोष्टीनं.
पहिल्या टाकीत सगळं उलटं उमटतं,
बर्फ काळा, रात्र कोरी.
मग उजेड जिथे पोचलाच नव्हता
त्या उरल्यासुरल्या कणांतून रंग उभे राहतात
आणि आधीचं काळं धुऊन जातं.
पंचवीस वर्षं करतोय. कुणी विचारलं तर सांगतोही.
कळलंय असं नाही.

इर्या आताशा रोल आणत नाही,
प्रोजेक्टरचा दिवा न्यायला येते.
एकदा मला घरी बोलावलं. पडदा नव्हता, भिंतच,
मधोमध एका खिळ्याचं डोकं.
ताइस्तो नदीकाठी लाकडं फोडत होता,
कुऱ्हाडीवर उजवा हात पुढे,
आणि शेजारीण फिस्सकन हसली :
अगं, तो तर डावखुरा!
इर्यानं स्लाइड काढली, उलटी करून घातली.
तेवढा वेळ भिंत नुसती पांढरी.
मग तो आला. उष्णतेनं फिल्म फुगली, धूसर झाली,
तिनं भिंग फिरवलं,
आणि लगेच, खटका.

दहा सेकंद. वर्षातून एकदा.
ज्या दिव्यात तो दिसतो तोच दिवा त्याचे रंग खातो;
तिनं हिशेब करून ठेवलाय,
अशा बेतानं तो तिला पुरून उरेल.

नातू म्हणाला, आजी, स्कॅन करून देतो,
दिवसभर बघत बस.
तिनं स्लाइड चिमटीत धरली, कडेला, काळजीनं.
ओन्नी, हा तुकडा त्या दिवशी तिथे होता.
त्याच्यापासून चार पावलांवर, कॅमेऱ्यात.
थंडी यालाही वाजली.
तुझी फाइल तेव्हा कुठे होती?
ओन्नी कॉफी ओतायला उठला.

आज अकरा रोल झालेत.
राइमोचा यायचाय, पण काल रात्रभर पडलंय,
तो रविवारपर्यंत मोकळा होणार नाही.
फडताळात माझा कॅमेरा आहे,
आत कधीतरी भरलेला रोल, सात फोटो बाकी.
सकाळपासून दोनदा काढला, दोनदा ठेवला.
दीड वाजता ऊन आलं, आडवं, गोठलेल्या नदीवर.
मी दुकानाला कुलूप लावलं.